उपग्रहाला आपले शेत दिसते का?

गेल्या वर्षीच्या पालक मेळाव्यात एका विद्यार्थिनीच्या आईने आम्हाला एक प्रश्न विचारला. विज्ञान प्रदर्शनासाठी मुलींनी पुठ्ठ्याचा आणि चंदेरी कागदाचा एक उपग्रह करून सभागृहाच्या तुळईला टांगला होता. त्याच्याखाली उभे राहून त्या बराच वेळ वर पाहत होत्या. मग म्हणाल्या, "सर, वरून फिरणाऱ्या या यंत्राला आमचं शेत दिसतं का हो?"

आम्ही घाईने म्हणालो, "हो ताई, दिसतं ना."

"मग आमचं सोयाबीन वाळून गेलं, ते कुणाला कसं नाही कळलं?"

या ताईंची एक एकर कोरडवाहू जमीन आहे. शेंगा भरण्याच्या दिवसांत पावसाने दडी मारली आणि पीक हातचे गेले. महसूल मंडळाची सरासरी मात्र बरी निघाली, कारण मंडळातील इतर गावांत पाऊस झाला होता. सरासरीत त्यांचे एक एकर बुडून गेले. त्यांच्या दुसऱ्या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते, आणि पहिल्या प्रश्नाला दिलेले उत्तरही अपुरे होते, हे घरी परतताना आमच्या मनाला डाचत राहिले. "दिसते" असे म्हणताना कोणत्या उपग्रहाला, कोणत्या दिवशी, किती बारकाईने आणि कोणत्या प्रकाशात दिसते, हे सांगावयास हवे होते. या शाळेत शिकून पुढे विज्ञान शिकवण्याच्या कामात रमलेल्या आमच्यासारख्यांनी तरी ते सांगावयास हवेच होते. स्मरणिकेच्या निमित्ताने त्या अपुऱ्या उत्तराची भरपाई करण्याचा हा प्रयत्न आहे.

छायाचित्र नव्हे, मोजमाप

उपग्रहावरील कॅमेरा म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर भ्रमणध्वनीतील कॅमेरा येतो. दोन्हींत भिंग असते आणि प्रकाश टिपणारा संवेदक असतो, इतके साम्य खरे. परंतु उपग्रहावरील उपकरण मुळात छायाचित्र काढण्यासाठी घडवलेले नसते. ते प्रकाश मोजण्यासाठी घडवलेले असते. जमिनीचे लहान लहान चौकोन पाडावयाचे, प्रत्येक चौकोनातून किती प्रकाश परत येतो ते एका आकड्यात लिहावयाचे आणि ते आकडे पृथ्वीवर पाठवावयाचे, एवढेच त्याचे काम. आपण जे चित्र पाहतो ते या आकड्यांना रंग देऊन नंतर तयार होते. या चौकोनालाच पिक्सेल म्हणतात.

तेव्हा ताईंच्या प्रश्नाचे पहिले रूप असे होते: त्यांच्या एका एकराच्या मानाने हा चौकोन केवढा आहे?

चौकोनाचे गणित

भारताचा पहिला कार्यरत सुदूर संवेदन उपग्रह आयआरएस-१ए हा १७ मार्च १९८८ रोजी तत्कालीन सोव्हिएत संघातील बैकानूर येथून सोडण्यात आला. त्याआधी १९७९ मध्ये गेलेल्या भास्कर-१ या प्रायोगिक उपग्रहावर दूरचित्रवाणी पद्धतीचे कॅमेरे होते आणि त्यांचा चौकोन सुमारे एक किलोमीटर बाजूचा होता. एका चौकोनात अख्खे गाव मावून जाई. आयआरएस-१ए साठी अहमदाबादच्या स्पेस अ‍ॅप्लिकेशन्स सेंटरने जे कॅमेरे घडवले, त्यांची रचना समजून घेण्यासाठी आपल्या नववी-दहावीच्या भूमितीपलीकडे काही लागत नाही.

त्यातील लिस-१ या कॅमेऱ्यात एका ओळीत २,०४८ सूक्ष्म प्रकाशघटक बसवलेले होते. प्रत्येकाची रुंदी १३ मायक्रॉन, म्हणजे एका मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यांतील तेरा भाग. भिंगाचे नाभीय अंतर १६२.२ मिलिमीटर. उपग्रहाची उंची ९०४ किलोमीटर. भिंगाच्या आत एक लहान त्रिकोण होतो आणि भिंगापासून जमिनीपर्यंत एक प्रचंड त्रिकोण होतो. दोन्ही समरूप असतात. नाभीय अंतर हे घटकाच्या रुंदीच्या सुमारे १२,४७७ पट आहे. उंचीला त्याच संख्येने भागले की उत्तर येते सुमारे ७२.५ मीटर. हीच जमिनीवरील एका चौकोनाची बाजू. असे २,०४८ चौकोन शेजारी शेजारी मांडले की सुमारे १४८ किलोमीटर रुंदीचा पट्टा होतो. त्याच उपग्रहावरील लिस-२ या कॅमेऱ्याचे नाभीय अंतर दुप्पट, ३२४.४ मिलिमीटर होते. म्हणून चौकोनाची बाजू निम्मी, ३६.२५ मीटर झाली आणि पट्टाही निम्मा झाला. तेवढीच रुंदी व्यापण्यासाठी मग दोन कॅमेरे शेजारी शेजारी बसवावे लागले.

हे गणित फळ्यावर सोडवून झाल्यावर आम्ही आठवीच्या मुलामुलींना घेऊन मैदानावर गेलो आणि दोरीने ७२.५ मीटर बाजूचा चौकोन आखू लागलो. मैदान अपुरे पडले. एक बाजू भोजनगृहाच्या भिंतीला जाऊन टेकली. त्या चौकोनाचे क्षेत्रफळ साधारण ५२ गुंठे भरते, आणि एक एकर म्हणजे ४० गुंठे. म्हणजे ताईंचे संपूर्ण शेत या एका चौकोनातच संपते आणि शेजाऱ्याचे बारा गुंठे त्यात मिसळतात. शेजाऱ्याच्या विहिरीला पाणी असेल तर त्याच्या हिरव्या उसाचा आणि ताईंच्या वाळलेल्या सोयाबीनचा मिळून एकच आकडा येणार. मंडळाच्या सरासरीत जे घडले तेच येथे आकाशातून घडते. उपकरण खोटे सांगत नाही. मात्र एवढ्या लहान माणसाचे शेत वेगळे ओळखण्याइतका त्याचा चौकोन लहान नाही.

हलता आरसा आणि सरकणारी ओळ

प्रकाशघटकांची ओळ उपग्रहासोबत पुढे सरकत जाते आणि जमीन झाडूने झाडावी तशी पट्ट्यापट्ट्याने टिपली जाते. ही कल्पना आज सोपी वाटते, परंतु सुरुवात वेगळ्या रीतीने झाली होती.

अमेरिकेने २३ जुलै १९७२ रोजी जो उपग्रह सोडला, तो पुढे लँडसॅट-१ या नावाने ओळखला गेला. त्यावर दोन उपकरणे होती. एक दूरचित्रवाणी पद्धतीचा कॅमेरा. तज्ज्ञांचा भरवसा त्याच्यावर होता. दुसरे ह्यूज कंपनीतील व्हर्जिनिया नॉरवुड या भौतिकशास्त्रज्ञ अभियंत्याने आखलेले बहुवर्णपटीय स्कॅनर. त्यात एक आरसा सेकंदाला सुमारे तेरा वेळा इकडून तिकडे हलत असे आणि जमिनीवरील १८५ किलोमीटरचा पट्टा आडवा झाडून काढत असे. प्रत्येक फेरीत सहा ओळी आणि चार वर्णपट्टे, अशा हिशेबाने त्यात २४ प्रकाशघटक होते. अवकाशात इतक्या वेगाने हलणारा भाग टिकेल काय, अशी शंका अनेकांना होती. प्रत्यक्षात भरवशाचा तो कॅमेरा विजेच्या बिघाडामुळे काही आठवड्यांतच बंद करावा लागला आणि शंकेचा आरसा वर्षानुवर्षे हलत राहिला. पुढील लँडसॅट उपग्रहांची परंपरा याच स्कॅनरवर उभी राहिली. ज्या काळी अभियांत्रिकीच्या दालनात स्त्रिया बोटांवर मोजण्याइतक्या होत्या, त्या काळी एका स्त्रीने हे उपकरण उभे केले. आपल्या मुलींना ही गोष्ट आवर्जून सांगावी असे आम्हाला वाटते.

हलत्या आरशाची अडचण त्याच्या टिकाऊपणात नव्हती, वेळेत होती. उपग्रहाखालची जमीन सेकंदाला साधारण साडेसहा किलोमीटर वेगाने मागे सरकते. या वेगाने मुंबई ते नागपूर हे सरळ अंतर पावणेदोन मिनिटांत कापले जाईल. तेवढ्यात आरशाला पट्ट्यातील हजारो चौकोन एकेक करून पाहावे लागतात. त्यामुळे प्रत्येक चौकोनाच्या वाट्याला सेकंदाचा काही लाखांश भागच येतो आणि हाती येणारा प्रकाश अगदी तोकडा असतो. याउलट आयआरएस-१ए च्या पद्धतीत प्रत्येक चौकोनासाठी स्वतंत्र घटक असतो. जमीन ७२.५ मीटर सरकेपर्यंतचा संपूर्ण वेळ, म्हणजे सुमारे ११ सहस्रांश सेकंद, तो आपल्याच चौकोनाकडे पाहत राहतो. हलणारा भाग नाही आणि प्रकाशही मुबलक, असा हा दुहेरी लाभ होता. भारताने आपल्या पहिल्याच कार्यरत उपग्रहासाठी ही पद्धत निवडली.

कोणता प्रकाश पाहावा?

चौकोन कितीही लहान केला, तरी त्यातून कोणता प्रकाश मोजावयाचा हे ठरवल्याशिवाय पीक आणि तण, वाळलेले आणि टवटवीत यांत भेद करता येत नाही. येथे एक जुनी घटना आठवावी लागते.

१९७० साली केरळात नारळीच्या बागांना मूळकुजव्यासारखा एक रोग लागला होता. प्रा. पिशारोटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेलिकॉप्टरमधून अवरक्त प्रकाशाला प्रतिसाद देणाऱ्या फिल्मवर त्या बागांची छायाचित्रे घेतली. निरोगी झाड अवरक्त प्रकाश भरपूर परतवते. रोगट झाडाची ती क्षमता घटते. साध्या नजरेला दोन्ही झाडे हिरवीच दिसतात, त्या फिल्मवर मात्र ती वेगळी उमटली. भारतातील सुदूर संवेदनाची सुरुवात या नारळीच्या झाडांपासून झाली असे मानले जाते.

याचे कारण पानाच्या घडणीत आहे. पानातील हरितद्रव्य निळा आणि तांबडा प्रकाश शोषून घेते, कारण त्यावरच ते अन्न तयार करते. हिरवा प्रकाश थोडा परत येतो, म्हणून पान आपल्याला हिरवे दिसते. परंतु आपल्या डोळ्यांना न दिसणारा निकट-अवरक्त प्रकाश पानातील पेशींच्या रचनेवरून मोठ्या प्रमाणात परावर्तित होतो. पीक जोमात असले की तांबडा प्रकाश कमी आणि अवरक्त जास्त परत येतो. पीक सुकू लागले की हे अंतर घटते. पाणी अवरक्त प्रकाश जवळजवळ गिळूनच टाकते, म्हणून तलाव त्या पट्ट्यात काळाशार दिसतो. आपली काळी माती या दोहोंहून निराळे वागते.

म्हणूनच आयआरएस-१ए च्या कॅमेऱ्यांना चार वर्णपट्टे देण्यात आले: निळा, हिरवा, तांबडा आणि निकट-अवरक्त. प्रत्येक पट्ट्यासाठी स्वतंत्र भिंग, स्वतंत्र गाळणी आणि घटकांची स्वतंत्र ओळ. या चार भिंगांनी अगदी एकाच जागेकडे पाहणे आवश्यक होते. एकाची नजर किंचित जरी ढळली, तर एका शेताचा तांबडा आणि दुसऱ्या शेताचा अवरक्त आकडा एकत्र येऊन भलतेच निदान होईल. चार डोळ्यांची ही एकवाक्यता पिक्सेलच्या एका अंशाइतकी नेमकी राखणे हे त्या रचनेतील अतिशय जिकिरीचे काम होते.

एक घ्यावे तर दुसरे सोडावे

येथपर्यंत वाचलेल्या सुजाण वाचकाला प्रश्न पडेल: चौकोन आणखी लहान, वर्णपट्टे आणखी अधिक आणि पट्टाही रुंद, असे एकच उपकरण का घडवत नाहीत?

कारण प्रकाश मर्यादित आहे. भिंगाचा व्यास तोच ठेवून चौकोनाची बाजू निम्मी केली, तर त्याचे क्षेत्रफळ पाव होते. शिवाय तो ओलांडण्यास उपग्रहाला निम्माच वेळ लागतो. म्हणजे घटकाला मिळणारा प्रकाश एक अष्टमांश उरतो. वर्णपट्टा अरुंद केला की त्यातलाही काही भाग कमी होतो. उरलेला प्रकाश इतका थोडा होतो की उपकरणाच्या स्वतःच्या विद्युत गोंगाटात तो हरवून जातो. दुसरीकडे, तेवढ्याच भूभागासाठी चौकोनांची संख्या चौपट होते आणि ते सगळे आकडे पृथ्वीवर पाठवावे लागतात. लिस-१ सारखा आजच्या मानाने साधा कॅमेराही सेकंदाला पन्नास लाखांहून अधिक बिट माहिती निर्माण करीत होता.

बारकाईला आणखी एक मर्यादा प्रकाशाच्या स्वभावातच आहे. प्रकाश तरंगरूप असल्यामुळे भिंगाच्या किंवा आरशाच्या कडेवरून जाताना तो किंचित पसरतो. आरसा जितका लहान, तितका हा पसारा मोठा. ५०० किलोमीटर उंचीवरून २५ सेंटीमीटर अंतरावरील दोन वस्तू वेगळ्या ओळखावयाच्या, तर एक मीटरहून अधिक व्यासाचा आरसा लागतो. त्याला पळवाट नाही. २७ नोव्हेंबर २०१९ रोजी सोडलेला कार्टोसॅट-३ ही बारकाई साधतो. परंतु त्याचा पट्टा केवळ १६ किलोमीटरच्या आसपास आहे. एवढ्या अरुंद पट्ट्याने संपूर्ण मराठवाडा दर आठवड्याला पाहणे अशक्य. प्रकाश कमी पडतो तेथे अशा उपकरणांत एका ओळीऐवजी घटकांच्या अनेक ओळी वापरतात. जमिनीचा तोच तुकडा एकामागून एक सगळ्या ओळींखालून जातो आणि प्रत्येक ओळीने टिपलेल्या प्रकाशाची बेरीज होते. मात्र त्यासाठी उपग्रह जराही डळमळून चालत नाही.

पीक पाहणाऱ्याला पंचवीस सेंटीमीटरची बारकाई नको असते. त्याला वारंवारता हवी असते. पेरणी, फुलोरा, शेंगा भरणे हे टप्पे थोड्या थोड्या आठवड्यांनी बदलतात. महिन्यातून एकदा येणाऱ्या उपग्रहाला त्या कोरड्या पंधरवड्याचा पत्ताच लागणार नाही. म्हणून २००३ आणि २०११ साली गेलेल्या रिसोर्ससॅट मालिकेच्या पहिल्या दोन उपग्रहांवर एकाच वेळी तीन प्रकारचे कॅमेरे बसवले गेले. पहिला ५६ मीटर चौकोनाचा, परंतु ७४० किलोमीटर रुंद पट्ट्याचा. तो साधारण पाच दिवसांनी तीच जागा पाहतो. दुसरा २३.५ मीटर चौकोनाचा आणि १४१ किलोमीटर पट्ट्याचा. त्याची फेरी २४ दिवसांची. तिसरा ५.८ मीटरचा, अरुंद पट्ट्याचा, परंतु डावीउजवीकडे वळवता येणारा. घरात जसे एक जण दूरवर नजर ठेवतो आणि दुसरा जवळचे बारकाईने पाहतो, तशी ही विभागणी आहे.

वेळेचीही निवड करावी लागते. हे उपग्रह ध्रुवांवरून फिरतात आणि त्यांची कक्षा अशी आखलेली असते की एखाद्या जागेवरून ते दर खेपेस जवळजवळ त्याच स्थानिक वेळी जातात. भारतीय उपग्रहांसाठी बहुधा सकाळी साडेदहाच्या सुमाराची वेळ निवडली जाते. त्या वेळी ऊन पुरेसे असते आणि दुपारचे ढग अजून जमलेले नसतात. शिवाय दर खेपेस प्रकाशाची स्थिती सारखी राहिल्याने आजच्या आकड्याची मागच्या आकड्याशी तुलना करता येते.

आकड्यावर विश्वास कसा ठेवावा?

उपकरण घडले, तरी ते विश्वासार्ह ठरणे हे निराळे काम आहे. प्रक्षेपणाच्या वेळी ते जबरदस्त हादरे सोसते. कक्षेत गेल्यावर दर फेरीत ऊन आणि सावली यांतून जाते. अ‍ॅल्युमिनियमची एक मीटर लांबीची नळी केवळ एका अंशाने तापली तरी सुमारे २३ मायक्रॉन वाढते. आणि आपण पाहिले की एक प्रकाशघटकच १३ मायक्रॉनचा होता. एवढ्या फरकाने प्रतिमा धूसर होते. म्हणून दुर्बिणीचा सांगाडा कार्बन तंतूंच्या संमिश्र द्रव्याचा करतात, आरशासाठी जवळजवळ न प्रसरणारी विशेष काच वापरतात आणि सूक्ष्म तापकांनी तापमान स्थिर राखतात. जमिनीवर आरसा स्वतःच्या वजनाने किंचित वाकतो आणि अवकाशात तो वाकवणारे वजनच राहत नाही. हा फरकही आधीच हिशेबात धरावा लागतो.

शिवाय ओळीतील हजारो घटक एकसारखे संवेदनशील नसतात. सारख्याच प्रकाशाला एक घटक शंभर म्हणतो, तर शेजारचा एकशे दोन. दुरुस्ती केली नाही तर चित्रावर उभ्या रेघा उमटतात. म्हणून उड्डाणापूर्वी सर्व बाजूंनी समान उजेड देणाऱ्या गोलासमोर कॅमेरा ठेवून प्रत्येक घटकाची नोंद घेतली जाते. कक्षेत गेल्यावर उपकरणाच्या आतील लहान दिव्यांनी तो पुन्हा पुन्हा तपासला जातो. एकसारख्या उजळ वाळवंटांकडे पाहून, तर काही उपग्रहांत चंद्राकडे पाहूनही ही पारख होते. एखादे वर्ष पीक खरोखर कमी होते की कॅमेऱ्याची नजरच मंदावली होती, हे या पारखीखेरीज सांगता येत नाही. शेतकऱ्याच्या नुकसानीचा निर्णय ज्या आकड्यावर होऊ शकतो, त्या आकड्याची इतकी पारख होणे ही चैन नव्हे, ती न्यायाची गरज आहे.

ढगांचा पडदा

आता सर्वांत कठीण भाग. ताईंचे सोयाबीन खरिपाचे. जून ते सप्टेंबर आपल्या आकाशात ढग असतात, आणि वरील सर्व कॅमेरे सूर्यप्रकाशावर चालतात. चौकोन केवढाही असो, ढगाखालचे त्यांना काही दिसत नाही. जेव्हा पाहण्याची निकड सर्वाधिक, नेमका तेव्हाच पडदा ओढलेला असतो.

यावरील उपाय म्हणजे रडार. ते सूर्यावर अवलंबून राहत नाही. स्वतः सूक्ष्मलहरी पाठवते आणि परत आलेला प्रतिध्वनी मोजते. या लहरी ढगांतून आरपार जातात, रात्रीही चालतात आणि पिकाची घडण व मातीतील ओल यांना प्रतिसाद देतात. अडचण अशी की सूक्ष्मलहरींची लांबी प्रकाशाच्या लाखो पट असते, त्यामुळे वर सांगितलेला पसाराही तितकाच वाढतो. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटा येथून सोडलेल्या निसार या भारत-अमेरिकेच्या संयुक्त उपग्रहाचे उदाहरण घेऊ. त्याचा परावर्तक १२ मीटर व्यासाचा आहे, उंची ७४७ किलोमीटर आणि त्याच्या दोन रडारांपैकी एकाची तरंगलांबी सुमारे २४ सेंटीमीटर. साध्या हिशेबाने त्याला जमिनीवरील पंधरा किलोमीटरपेक्षा बारीक काही दिसू नये. परंतु उपग्रह पुढे जात असताना वेगवेगळ्या ठिकाणांहून मिळालेले प्रतिध्वनी गणिताने असे एकत्र केले जातात, की जणू कित्येक किलोमीटर लांबीचा परावर्तक एकाच वेळी पाहत आहे. त्यामुळे बारकाई काही मीटरांपर्यंत येते. निसार दर बारा दिवसांनी त्याच मार्गावर परत येतो. इतका मोठा परावर्तक अग्निबाणात मावत नाही. म्हणून तो छत्रीसारखा मिटून नेला आणि कक्षेत गेल्यावर उघडला.

पुन्हा त्या एका एकराकडे

युरोपचे सेंटिनेल-२ हे उपग्रह २०१५ पासून फिरत आहेत. त्यांच्या काही वर्णपट्ट्यांचा चौकोन दहा मीटर बाजूचा, म्हणजे १०० चौरस मीटर. आपला एक गुंठा साधारण १०१ चौरस मीटरचा. म्हणजे गुंठ्याला एक आकडा! त्यांची माहिती कोणालाही विनामूल्य मिळते. दिवाळीच्या सुट्टीनंतर नववीच्या मुलींनी शाळेच्या संगणकावर त्या गावावरील आदल्या हंगामातील एक निरभ्र दिवस शोधला, तांबडा आणि अवरक्त हे दोन पट्टे घेतले आणि ताईंच्या एका एकराचे चौकोन मोजले. चाळीसच्या आसपास भरले. बांधावरचे शेजाऱ्याशी मिसळलेले चौकोन सोडले, तरी आतले पंचवीसेक स्वच्छ उरले.

पुढच्या भेटीत आम्ही तो छापील कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो क्षणभर निरखला आणि फिकट कोपऱ्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "ही बाभळीखालची जागा. इथं दरसाल कमीच येतं. पण हे मधलं फिकं दिसतंय ना, ते मात्र त्याच साली गेलं."

उपग्रहाच्या आकड्याला हा भेद कळत नव्हता. मधला फिका पट्टा आणि बाभळीखालचा फिका कोपरा त्याला सारखेच. जमिनीवरच्या माणसाने सांगितले तेव्हा आकड्याला अर्थ आला. सुदूर संवेदनाच्या शास्त्रातही हीच रीत आहे. प्रत्यक्ष शेतात जाऊन पडताळा घेतल्याशिवाय कोणताही नकाशा पुरा मानला जात नाही. हैदराबादचे राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र असो वा नागपूरचे महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र, तेथील कामातही या पडताळ्याला पर्याय नाही.

म्हणून ताईंना आमचे सुधारलेले उत्तर असे: होय, आपले शेत आता दिसू शकते. पूर्वीच्या उपकरणांना ते वेगळे दिसत नव्हते. आताच्या काहींना दिसते. निरभ्र दिवशी प्रकाशाने, ढगाळ दिवशी रडारने. परंतु दिसणे आणि दखल घेतली जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली गोष्ट अभियंते घडवतात. दुसरी आपण नागरिकांनी आग्रहाने मागावयाची असते. सरासरीऐवजी गुंठ्याचा आकडा उपलब्ध असताना तो का पाहिला गेला नाही, हा प्रश्न विचारण्याचा अधिकार आता आपल्याला आहे, आणि तो कागद हातात घेऊन विचारता येतो.

उद्याच्या उपकरणाचा चौकोन केवढा असावा, त्याने कोणता प्रकाश पाहावा, कोणाच्या शेतावरून किती दिवसांनी जावे, हे कोठे तरी एका टेबलाभोवती बसून काही माणसे ठरवतील. एक एकर म्हणजे किती आणि त्यातले पीक जाणे म्हणजे काय, हे घरातून जाणणारी आपल्या शाळेची मुले-मुली त्या टेबलाशी असावीत, अशी आमची मनोमन इच्छा आहे. संध्याकाळच्या वंदनेनंतर वसतिगृहाच्या गच्चीवर बसून सरकता ठिपका पाहणाऱ्या आमच्या धाकट्या भावंडांना, आणि त्यांना येथे पाठवणाऱ्या माता-पित्यांना, आमचा सविनय जयभीम.